कवितेला काम काय?

दिवाळी अंक हाती पडला की वाचक काय काय वाचतो, याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी मुखपृष्ठ, मग व्यंगचित्रे, मग वार्षिक राशिभविष्य आणि त्यानंतर ओळखीच्या लेखकाची कथा. कविता या क्रमात कोठेच नसते. कथा संपल्यावर उरलेल्या अर्ध्या पानावर ती एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखी अंग चोरून बसलेली असते. पान उलटता उलटता नजर गेली तर गेली! संपादकांनी माझ्यावर रागावू नये. तेवढी जागा तरी आज कोण देतो?

मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘आजच्या काळात कवितेची गरजच काय?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की, पथ्य काय पाळू, हा प्रश्न वैद्यालाही तितक्या वेळा ऐकावा लागत नसेल. विचारणारी माणसे अरसिक असतात असे मुळीच नाही. त्यांचा मुद्दा रोकडा असतो. कवितासंग्रहाच्या प्रती शेकड्यांत छापतात आणि त्यांतल्या निम्म्या कवी स्वतःच वाटतो. विद्यार्थी कविता वाचतो तो रसग्रहणाच्या गुणांसाठी, आणि तीही मार्गदर्शकातून. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दर्जासाठी जो पुरावा पुढे केला त्यात ‘गाथासप्तशती’ अग्रभागी होती. म्हणजे पुन्हा कविताच! मिरवणुकीत पालखी कवितेची, आणि घरी आल्यावर मुक्काम मात्र ओसरीवर, असा हा प्रकार आहे.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले; त्यातले कवी आपल्या कविता गाऊन दाखवीत आणि त्या ऐकायला माणसे लोटत. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली निघाला आणि त्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले, ते योग्यच झाले. पण मला त्यात दुसरेच काही दिसते. ज्या पुस्तकावर सरकारला खटला भरावासा वाटतो, त्याला निरुपयोगी तरी कोण म्हणेल?

हे सारे मला कबूल आहे. तक्रार एवढीच आहे की, हा प्रश्न आपण नेहमी पुस्तकांच्या दुकानात उभे राहून विचारतो. तो एकदा माझ्या गावी येऊन विचारून पाहावा.

माझे गाव केळवे. मुंबईकरांना ते सुरूच्या बनामुळे आणि समुद्रामुळे ठाऊक आहे. आम्हांला शीतलादेवीमुळे आणि पानवेलींच्या मळ्यांमुळे. शेजारच्या माहीमचे नाव आमच्या गावाशी जोडूनच घेतात. या केळवे-माहीमला १८९६ साली शंकर वामन दांडेकर जन्मले. महाराष्ट्र त्यांना सोनोपंत किंवा मामासाहेब म्हणून ओळखतो. विद्येने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि वृत्तीने विष्णुबुवा जोगांचे शिष्य, पंढरीचे वारकरी आणि कीर्तनकार. १९६८ साली ते गेले. पालघरच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

सोनोपंतांनी ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’ असे एक पुस्तक लिहिले. ही जोडी मला मोठी गमतीची वाटते. प्लेटो म्हणजे आपल्या आदर्श राज्यातून कवींना हद्दपार करू पाहणारा तत्त्वज्ञ. आणि ज्ञानदेव म्हणजे १२९० साली सगळे तत्त्वज्ञान सुमारे ९,००० ओव्यांत सांगणारा कवी. दोघांना एका पुस्तकात आणणाऱ्या या प्राध्यापकाने पुढे आपली सार्थ ज्ञानेश्वरी सिद्ध केली ती १९५३ साली. त्या ओव्यांतले निम्मे शब्द आज रोजच्या बोलण्यात उरलेले नाहीत. तरीही पारायणाला बसणारी माणसे आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी कॉलेजाची पायरी कधी चढलेली नाहीत.

मुंबईला जायचे असले की मी केळवे रोडला सकाळची गाडी धरतो. २०१३ सालापासून उपनगरी गाड्या थेट डहाणूपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून आमच्याकडचे नोकरदार दोन दोन तासांचा प्रवास रोज करतात. डब्यात भजनी मंडळ असते. टाळ पिशवीतून निघतात, मृदंग नसला तर पत्र्यावर ठेका धरला जातो आणि तुकोबांचा अभंग सुरू होतो. उभ्या माणसाला पाय टेकायला जागा नाही, पण ध्रुवपद उचलायला त्याची हरकत नसते. तुकोबा वैकुंठाला गेले १६५० साली. इतक्या वर्षांनंतर पहाटेच्या गर्दीत ज्याचे शब्द तोंडपाठ निघतात, त्या कवीचे दिवस संपले असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

मग मेली ती कविता कोणती? जात्यावरची ओवी घ्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा ओव्या गोळा करवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख! जगातल्या कोणत्याही भाषेने हेवा करावा असे हे धन, आणि ते बायकांनी पहाटे पीठ पाडता पाडता निर्माण केले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणीही घरात आणि शेतात काम करता करता झाली. १९५१ साली त्या वारल्या आणि दुसऱ्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे, त्यांचे पुस्तक झाले. पुढे गावोगावी पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, ही आनंदाचीच गोष्ट. जाते परत आणा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण जाते थांबले आणि ओवीही थांबली. कविता म्हातारपणाने मरत नाही, बेकारीने मरते. तिच्या हातचे काम गेले की ती जाते.

कोणी म्हणेल, हे भजन झाले, दळण झाले. आम्ही आधुनिक कवितेविषयी विचारतो आहोत. आधुनिक कवीला जाते नाही, वारी नाही, हे खरेच. त्याला काम शोधावे लागते. पण ते सापडते. नारायण सुर्व्यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आले आणि गिरणीतला कामगार मराठी कवितेत स्वतःच्या आवाजात बोलू लागला. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला आणि ज्या वस्तीकडे सभ्य मराठीने पाठ फिरवली होती तिने त्या मराठीचा दरवाजाच उखडला. ज्याला भाषेत जागा नाही त्याला ती मिळवून देणे, हे दळणाइतकेच रोकडे काम आहे.

आता याच कामाचे एक उदाहरण माझ्या दारात येऊन उभे राहिले आहे. आमच्या रुळांच्या पूर्वेला, डोंगराकडे, वारल्यांचे पाडे आहेत. वारली लग्नात तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि लग्न लावते ती धवलेरी नावाची बाई. तिच्या गाण्यावाचून ते लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतामुळे वारली चित्र जगभर गेले. २०११ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. आज ते चित्र साड्यांवर आहे, चहाच्या कपांवर आहे, बड्या हॉटेलांच्या भिंतींवर आहे. चित्राशेजारी उभे राहून म्हटले जाणारे गाणे मात्र मागेच राहिले. कविता महाजनांसारख्या एखाद्या लेखिकेने वारली गीतांचे संकलन केले तेवढेच. चित्र विकत घेता येते. गाण्याला, ते म्हणणारी बाई लागते.

माझ्या वर्गात अशाच एका पाड्यावरची मुलगी आहे. घरात कोणी कविता म्हणते का, असे मी पहिल्या तासाला सर्वांनाच विचारतो. ती म्हणाली, “आमच्याकडे कुणी नाही, सर.” महिन्याभराने सहज बोलता बोलता कळले की तिची आत्या धवलेरी आहे! त्या मुलीला आत्याचे गाणे कविता वाटतच नव्हते, कारण ते पुस्तकात नव्हते आणि त्यावर प्रश्न येत नव्हता.

मग ती उत्साहाने मोबाइल घेऊन आत्याकडे गेली. आत्याने गायला साफ नकार दिला. लग्न नाही, मांडव नाही, तर गाणे कशाला, असे तिचे म्हणणे. मुलगी हिरमुसून परत आली. मला मात्र काव्यशास्त्रावरच्या कित्येक ग्रंथांत न सापडलेली गोष्ट त्या बाईने एका वाक्यात सांगितली असे वाटले. तिच्या लेखी गाणे ही ठेवायची वस्तू नाही. ते करायचे काम आहे. काम नसताना ते करून दाखवणे तिला खोटे वाटते.

आत्या साठीच्या पुढे गेली आहे आणि तिच्या हाताखाली अजून कोणी नाही. आजकाल पाड्यावरही बँड येतो. तेव्हा या गाण्याचे पुढे काय, हे मला सांगता येणार नाही. ते येत्या चार-पाच लग्नसराईंत ठरेल. मुलीने आत्याला पुन्हा विचारले, पण या वेळी मोबाइल घरी ठेवून. “बरोबर ये नि माझ्यामागं म्हण,” असे उत्तर मिळाले. परीक्षेचे दिवस आणि लग्नाचे दिवस एकच येतात, त्यामुळे हजेरीचे काय करायचे, हे विचारायला ती परवा माझ्याकडे आली होती. मी तिला सांगितले, तू खुशाल जा. हजेरीचे मी बघतो.