सफरचंदाला शेजार हवा



अमडापूरच्या आमच्या अंगणात सफरचंदाचे एक झाड आहे. रोपे विकणाऱ्या गाडीवरून अम्मींनी 'अन्ना' जातीचे रोप हौसेने घेतले होते. दोन वर्षे थंडी सरताना ते फुलले, पण फळ एकही धरले नाही. "वांझ झाड आहे, तोडून टाका," असे येणारे-जाणारे म्हणू लागले. अम्मींना तो शब्द लागला. आपल्याकडे झाड असो की सून, दोष आधी तिच्याच माथी मारतात.

आम्ही चौकशी केली, तेव्हा चूक आमचीच निघाली. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. एकाच जातीची दहा झाडे लावली तरी उपयोग नाही, कारण ती सगळी एकाच झाडाची कलमे असतात. त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात जवळ लागते. काश्मीर-हिमाचलचे बागायतदार म्हणूनच बागेत परागासाठी वेगळ्या जातीची झाडे राखतात आणि फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. कमी थंडीत येणाऱ्या 'अन्ना'ला एकट्याने थोडीफार फळे येतात, पण 'डोरसेट गोल्डन' सोबत असली की फळधारणा चांगली होते. दोन्ही झाडे पन्नास फुटांच्या आत असावीत. त्यात आम्ही किडीच्या भीतीने ऐन फुलोऱ्यात औषध फवारले होते. मग मधमाशी येणार कुठून?

मदिनेचे लोक खजुराच्या नर झाडाचा फुलोरा मादी झाडाला लावत. याचा काही उपयोग होत असेल असे वाटत नाही, असे प्रेषित (स.) म्हणाले, तेव्हा लोकांनी ते सोडले आणि पीक घटले. त्यावर आपण, दुनियेच्या अशा कामांत तुम्हीच अधिक जाणकार आहात, असे सांगितले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आम्हाला या निमित्ताने आठवली. दोष देण्याआधी जाणकाराला विचारावे, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

मुलांना एक सफरचंद आडवे कापून दाखवा. आत पाच कप्प्यांची चांदणी दिसेल. ज्या बाजूला बिया धरल्या नाहीत, तिकडे फळ बहुधा वाकडे वाढते. पराग नीट पोहोचला की नाही, हे फळ स्वतःच सांगते.

या पावसाळ्यात 'डोरसेट गोल्डन'चे रोप आम्ही शेजारच्या भाभींच्या अंगणात लावले. मधे फक्त एक भिंत आहे. झाड त्यांचे, पराग आमच्या कामाचा. आमचा पराग त्यांच्या कामाचा. फुलोऱ्यात फवारणी करायची नाही, असे दोन्ही घरांनी ठरवले आहे. फळ देणारा अल्लाह आहे. कुऱ्हाड मात्र आम्ही माळ्यावर ठेवून दिली.