तसबिरीचा घोटाळा

विनोदी खेळाचा पडदा पडला, मंडळी हसत हसत घरी परतली, म्हणजे सारे गोड झाले असे आपण धरून चालतो. परंतु त्या हास्याखाली कोणाचे तरी मन दुखावलेले असते, आणि ते घरी आल्यावर आठवते. नाताळ जवळ आला आहे. त्या निमित्ताने इंग्रजांच्या घरोघरी या सणास पाहिलेल्या अशाच एका खेळाची हकीकत सांगावी आणि मग आपल्या एका जुन्या नाटकाकडे वळावे, असा आजचा बेत आहे.

'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही बी.बी.सी.ची विनोदी मालिका १९८१ साली सुरू झाली. लेखक जॉन सलिव्हन. लंडनच्या पेकॅम भागातील डेल ट्रॉटर हा फुटकळ माल विकणारा बडबड्या गृहस्थ, त्याचा धाकटा भाऊ रॉडनी आणि म्हातारे अल्बर्टकाका, असा हा बायकांवाचूनचा संसार. १९८८ च्या नाताळच्या दिवशी तिचा 'डेट्स' हा भाग दाखविला गेला. चाळिशीकडे झुकलेला डेल जोडीदारीण मिळवून देणाऱ्या एका संस्थेत नाव घालतो, आणि आपण मोठे व्यापारी असल्याची बतावणी करून वॉटर्लू स्थानकात रॅक्वेल नावाच्या नटीस भेटतो. दोघांची मने जुळतात. पुढे अल्बर्टकाकांच्या वाढदिवसास गुत्त्यात गंमत म्हणून एक भाडोत्री बाई बोलाविलेली असते. पोलिसाच्या वेषात येऊन तो वेष उतरविणे हा तिचा धंदा. ती येते, आणि ती रॅक्वेलच निघते! नाटकात काम मिळेना म्हणून पोटासाठी पत्करलेले ते काम. डेल तोंड फिरवितो. मागाहून त्याचा राग ओसरतो. ती परदेशच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी तिला गाठावे असे तो ठरवितो. तोच दारात एक स्त्री-पोलीस उभी राहते. हेही सोंगच असे समजून तो तिच्या गणवेषास हात घालतो. ती मात्र खरीच पोलीस असते! डेल कोठडीत जातो, आणि रॅक्वेल निघून जाते. प्रेक्षक हसतात खरे, पण घास घशात अडकल्यासारखे. पुढल्या वर्षीच्या नाताळात मार्गेट गावी दोघांची पुन्हा गाठ पडते, एवढाच दिलासा.

सोंगास खरे मानणे आणि खऱ्यास सोंग मानणे, हा घोटाळा आपणांस परका नाही. हरिपूर आम्हां राजारामपुरीकरांस दिवसाउजेडी जाऊन येण्याजोगे. तेथील कै. गोविंद बल्लाळ देवल यांनी आर्थर मर्फी यांच्या १७६१ सालच्या 'ऑल इन द राँग' या इंग्रजी नाटकावरून १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले, आणि पुढे त्याचेच 'संगीत संशयकल्लोळ' झाले. १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव जुन्या रसिकांनी डोक्यावर घेतले. पुरुषांस महिन्यांची आणि स्त्रियांस नक्षत्रांची नावे देण्याची देवलांची युक्तीही मोठी मौजेची.

कथा सर्वांस ठाऊक आहेच. रेवतीस रस्त्यात चक्कर येते. फाल्गुनराव तिला सावरतात. पत्नी कृत्तिका ते पाहून जळते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती येते; पतीस वाटते हा हिचा प्रियकर! तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हाती पाहून अश्विनशेट रेवतीवर संशय घेतो. हसून हसून पोट दुखते.

परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मर्फीची नायिका बेलिंडा ही प्रतिष्ठित घरची कन्या. देवलांनी तिच्या जागी नायकिणीची मुलगी उभी केली. बेलिंडेवरचा संशय म्हणजे प्रियकराचा उतावीळपणा; रेवतीवरचा संशय मात्र साऱ्या समाजाने आधीच तयार ठेवलेला. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचे भांडण संध्याकाळपर्यंत मिटते, कारण दोघांसही घर आहे. रेवतीने मात्र आपले निर्मळपण सिद्ध केले नाही, तर तिला परतावयाचे ते कोठे? विनोदाच्या पोटात देवलांनी हा प्रश्न ठेवला, आणि शेवटी अश्विनशेटशी तिचा मिलाफ घडवून आपल्या परीने उत्तरही दिले. ज्यांनी १८९९ साली 'शारदा' लिहून बालाजरठ विवाहावर कोरडे ओढले, त्यांस हे सहज सुचले असेल असे वाटत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. राजारामपुरीच्या गल्लीगल्लीतून आजही मुलामुलींची स्थळे पाहिली जातात. मुलगी शिकलेली, मिळवती, नाटकात किंवा मालिकेत काम करणारी असते. पूर्वी तसबीर एकच असे. आता ती भ्रमणध्वनीवरून क्षणात दहा घरी पोचते. एखाद्या भूमिकेच्या वेषातील छायाचित्र काकांकडून आत्याबाईंकडे जाते, आणि मुलीस एक शब्द न विचारता निकाल लागतो! चौकशी करणे हा वडीलधाऱ्यांचा अधिकार, नव्हे कर्तव्यच आहे. ते कोणी नाकारीत नाही. पण चौकशी माणसाकडे जाऊन होते, संशय तसबिरीपाशीच थांबतो. शिवाय डेलने स्वतः आपली खोटी ओळख दिली होती, आणि तरीही राग आला तो त्यालाच, हेही मुलाकडच्या मंडळींनी लक्षात घ्यावे.

रॅक्वेल निघून गेली ती तिच्या धंद्यामुळे नव्हे. योग्य वेळी योग्य माणूस तिच्या दाराशी पोचला नाही म्हणून. आपल्या घरी असा प्रसंग आला, तर वडील मंडळींनी प्रथम त्या मुलीसच जवळ बसवून विचारावे. ती सांगेल ते ऐकून घ्यावयास फार तर अर्धी घटका लागेल. न विचारल्याची रुखरुख मात्र घरातल्या तरुण जिवांस जन्मभर पुरते.