वॉचमनला सुट्टी देऊ नका!

कॉलेजच्या वायफायवर गेम चालला नाही, की पहिली शिवी फायरवॉलला. चाकणला इंटर्नशिपला गेलात, की तिथेही तेच. मग कुणीतरी शहाणा सुचवतो, ‘सोड ना यार, मोबाइलचा हॉटस्पॉट लाव!’ माझा आक्षेप आहे तो या हॉटस्पॉटला.

चाकण एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीचं गेट आठवा. ट्रक आला की सिक्युरिटीवाला चलन बघतो, कुठून आला, कुणाकडे चालला ते विचारतो, मगच आत सोडतो. बाहेर जाणाऱ्या मालालाही गेटपास लागतो. फायरवॉल हेच करते. नेटवर्कवरचा डेटा छोट्या पॅकेट्समधून येतो-जातो. कुठून आलं, कुठे जायचं, कोणत्या पोर्टवर, हे प्रत्येक पॅकेटवर असतं. नियमात बसलं तर आत, नाहीतर गेटवरच अडवलं.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला, तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ नंबरच्या पोर्टवरून. हे पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद ठेवायला फायरवॉलमध्ये एक नियम पुरतो. आणि असले हल्ले लांब परदेशातच होतात असंही समजू नका. २०२१ च्या सुरुवातीला आपल्या पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. डेटा लॉक करून बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले.

आता सांगा, कंपनीच्या पीसीला हॉटस्पॉट जोडला तर काय होतं? कंपाउंडच्या भिंतीला मागून भगदाड पडतं. गेटवर वॉचमन उभाच आहे, पण ये-जा मागून सुरू! त्याच नेटवर्कवर सीएनसी मशीन असेल, तर अख्खी शिफ्ट बंद पडू शकते. फटका एकट्या मालकाला नाही, कंत्राटी कामगारालाही बसतो.

फायरवॉल म्हणजे जादू नाही, हे मान्य. पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस तिच्या गेटवरून जातच नाही. अभ्यासाच्या साइट्सही सरसकट बंद करणारे ॲडमिन चुकतात, हेही खरं. पण त्यावर उपाय पळवाट नव्हे. सरळ मेल टाका: कोणती साइट हवी, कशासाठी, किती दिवस. नियम बदलता येतात.

आणि घरच्या लॅपटॉपवर क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना ‘आधी फायरवॉल बंद करा’ असं कुणी सांगितलं, तर एकच प्रश्न स्वतःला विचारा. वॉचमनला सुट्टी द्या, असं कोण सांगतं?