फर्मा कुठे चुकला?

मित्रांनो, वहीत २ लिहा. त्याचा वर्ग ४, ४चा १६, १६चा २५६, त्याचा ६५५३६. आता प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. सगळ्या मूळ संख्या! सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा म्हणाला, पुढेही अशाच मिळणार. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

पुढची संख्या येते ४,२९,४९,६७,२९७. बापरे! आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ती मावतसुद्धा नाही. पण १७३२ साली ऑयलरनं दाखवलं, की तिला ६४१नं नि:शेष भाग जातो. झालं, फर्मा चुकला! आणि ६४१ ही तर फक्त ११६वी मूळ संख्या. २, ३, ५, ७ असं ओळीनं भागत बसला असता, तर ११६व्या भागाकाराला त्यालाच कळलं असतं!

खरं वाटत नाही? ६७,००,४१७ला ६४१नं गुणा. आईबाबांनाही बसवा सोबत!