एक्स-७० पाइपला ‘७०’चा रॉड का चालत नाही?

गेलची दहेज-उरण-पनवेल गॅसवाहिनी पालघर जिल्ह्यातून जाते. अशा पाइपच्या जोडकामात एक आकडा हमखास फसवतो, मग काम साइटवर असो की बोईसर-तारापूरच्या वर्कशॉपमध्ये.

एक्स-७० मधले ७० म्हणजे पोलाद कायमचं ताणलं जायला लागतं तो ताण, हजार पाउंड प्रति चौरस इंचात. ई-७०१८ रॉडमधले ७० मात्र तुटण्याचे! या पोलादाला तुटण्याआधी किमान ८३ पेलावे लागतात. म्हणजे आकडा जुळला, तरी जोड पाइपपेक्षा कमजोर. म्हणून भरावाला ई-९०१८सारखा रॉड लागतो.

त्यात किनाऱ्याची दमट हवा. रॉडने ओल धरली की हायड्रोजन जोडात शिरतो. असे रॉड ओव्हनमध्ये सुकवूनच वापरायचे असतात. नाहीतर तडा काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही पडतो. तोवर तपासणीत जोड पासही झालेला असतो.