'हौशी' या शब्दाच्या बाजूने

मराठी समीक्षेत 'हौशी' हे विशेषण बहुधा कमीपणा दाखवण्यासाठीच योजले जाते. लेखन सैल असले की ते हौशी, नाटकातला अभिनय कच्चा असला की तोही हौशी. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धेच्या नावात हा शब्द सन्मानाने विराजमान आहे, परंतु तिथून पुढे आलेला नटसुद्धा यथावकाश आपण आता हौशी राहिलो नसल्याचे आवर्जून सांगतो. छंद ही फावल्या वेळेची करमणूक आणि सार्वजनिक जीवन ही गंभीर माणसांची बाब, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. ही वाटणी मला चुकीची वाटते. सार्वजनिक वागणुकीचे जे शिक्षण आपल्या समाजाला मिळाले, त्यातील बराचसा भाग गाण्याच्या बैठकीत आणि खेळाच्या मैदानावर मिळाला आहे.

कोकणातली आणि मुंबईच्या चाळींतली डबलबारी पाहा. दोन भजनी मंडळे आमनेसामने बसतात. एका बुवाची बारी संपली की दुसऱ्याची सुरू होते. पहिल्याने टाकलेल्या प्रश्नाला, कोटीला, कधी बोचऱ्या टोमण्याला दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचे असते. ही स्पर्धा आहे, आणि तरीही आपली बारी येईपर्यंत समोरच्याचे पूर्ण ऐकून घेतल्यावाचून तिच्यात उतरता येत नाही. कारण ऐकले नाही तर उत्तर कशाचे देणार? शक्ती-तुऱ्याच्या सवालजबाबांतही हेच आहे. अनेक गायकांचा आणि पखवाजवाल्यांचा पोटापाण्याचा उद्योग निराळा असतो. दिवसा कारखान्यात, कचेरीत किंवा रिक्षात असलेला माणूस रात्री वाद घालण्याची एक सभ्य रीत शिकत असतो. दूरचित्रवाणीवरील चर्चा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या रीतीचे मोल वेगळे सांगायला नको.

कबड्डीचेही तसेच आहे. साहित्य काही नाही. लागते ती जमीन आणि दम. पंच नसलेल्या गल्लीतल्या सामन्यात 'मला हात लागला' हे गड्याने स्वतः कबूल करावे लागते, अन्यथा खेळच मोडतो. बाद झालेला गडी साथीदारांच्या यशाने पुन्हा मैदानात येतो, हा नियम मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ १९३६ साली बर्लिनमध्ये दाखवला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचे स्थान मिळाले आणि २०१४ पासून प्रो-कबड्डीने त्याला पैसा व झगमगाट दिला. खेळाडूंच्या हाती चार पैसे आले याचा आनंदच आहे. प्रश्न एवढाच की पडद्यासमोर बसलेले आपण त्या खेळातून आता काय शिकतो?

मोरव्यासारख्या गावातून याकडे पाहिले म्हणजे गोष्ट अधिक स्पष्ट होते. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्धा-मोरवा परिसरात उभारण्याचा मूळ बेत होता. ग्रामस्थांनी विरोध केला आणि जागा बदलून ती डोंगरीला नेण्याचे ठरले. २०२५ मध्ये तिथल्या हजारो झाडांवरून नवा वाद उभा राहिला. कोणाची बाजू बरोबर, हा इथे विषय नाही. पण अशा वेळी माणसे एकाएकी एकत्र येत नाहीत. उत्सवाची वर्गणी, भजनाची रात्र, मैदानाची आखणी यांतून कोण शब्दाला जागतो, कोण हिशेब चोख ठेवतो, कोण नुसताच आरडाओरडा करतो, हे आधीच ठाऊक झालेले असते. अमेरिकेतील क्लब आणि मंडळे ओस पडू लागल्यावर नागरिकत्वच कसे क्षीण होते, हे रॉबर्ट पटनम यांनी २००० साली एका ग्रंथात मांडले. आपल्याकडे मिरवणुकीतल्या लेझीम-ढोलाची जागा भाड्याच्या ध्वनिभिंतींनी घेतली, तेव्हा आपण फक्त डेसिबल मोजले. वाजवणारे हात रिकामे झाले, त्याची मोजदाद झाली नाही.

हौस निष्पाप असते असा मात्र माझा दावा नाही. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये एका हौशी नाटकमंडळीचा अभिरूप न्यायालयाचा खेळच बेणारेबाईंची शिकार करतो. त्या खेळात बारी एकाच बाजूला असते. आरोपीला उत्तराची संधी मिळते तेव्हा तिचे ऐकणारे कोणी उरलेले नसते. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. संगीत हा त्यांचा व्यासंग, आणि त्यापायी त्यांनी अखेर वकिलीवर पाणी सोडले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मराठी ग्रंथ त्यांनी गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिला. त्याच भातखंड्यांच्या मनात घराणेदार उस्तादांच्या ज्ञानाविषयी जो अविश्वास होता, त्यावर पुढील अभ्यासकांनी बोट ठेवले आहेच.

आणि प्रा. दि. ब. देवधर! संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या या माणसाने १९२६ साली गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा केल्या आणि वयाच्या अठ्ठेचाळिशीनंतर रणजी सामन्यात मुंबईविरुद्ध २४६. आज अध्यापकाच्या कामगिरीच्या तक्त्यात या धावा कोणत्या रकान्यात बसल्या असत्या? २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी आमच्या वाचनालेखनाला गुण चिकटवले. नियम बदलत गेले, गुण मोजण्याची सवय राहिली. गुण मिळणार नसतील तर लेख कशाला लिहायचा, असे आता स्टाफरूममध्ये निःसंकोच विचारले जाते.

मराठीच्या अभ्यासमंडळांपुढे म्हणून एक साधी सूचना ठेवतो. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत डबलबारीवर टिपण लिहायला सांगण्याऐवजी विद्यार्थ्यांना एक अख्खी बारी ऐकायला पाठवावे, दोन्ही बुवांची, रात्र सरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन गट करावेत आणि एकाने मांडलेला मुद्दा जसाच्या तसा सांगितल्याशिवाय दुसऱ्याला उत्तर देऊ नये. या उपक्रमाला गुण ठेवू नयेत.