विश्लेषण : ऑर्डर भरपूर, तरी छोट्या कारखान्याची तिजोरी रिकामी का?

चाकणमध्ये सुटे भाग बनवणारा कारखाना असो की कोल्हापुरातली फाउंड्री, छोटा उत्पादक बहुतेक वेळा ऑर्डर नाही म्हणून अडत नाही. माल गेलेला असतो, बिलही दिलेले असते. पैसे मात्र येत नाहीत. अशा वेळी बँकेची मदत नेमकी कशी होऊ शकते?

पैसा अडकतो कुठे?

कच्चा माल, वीजबिल आणि कामगारांचा पगार यांना थांबता येत नाही. मोठी खरेदीदार कंपनी मात्र दोन-तीन महिन्यांनी पैसे देते. तोवर नवी ऑर्डर आली तरी ती पूर्ण करायला खेळते भांडवल उरत नाही. म्हणजे धंदा वाढतो तशी चणचणही वाढते.

कायदा काय सांगतो?

2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीने अनेक जण गप्प बसतात.

मग बँक काय करते?

पूर्वी बँकेचा पहिला प्रश्न असायचा, ‘तारण काय?’ आता बिलावरही पैसे मिळू शकतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने ‘ट्रेड्स’ नावाची ऑनलाइन व्यवस्था चालते. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इनव्हॉइसमार्ट ही त्यातली काही नावे.

पद्धत सोपी आहे. उत्पादक बिल ऑनलाइन टाकतो, खरेदीदार कंपनी ते मान्य करते आणि मग वेगवेगळ्या बँका व्याजदराची बोली लावतात. परवडणारी बोली स्वीकारली की एक-दोन दिवसांत पैसे खात्यात येतात. मुदत संपल्यावर बँक खरेदीदाराकडून वसुली करते. त्याने पैसे थकवले तरी बँक उत्पादकाच्या मागे लागत नाही.

समजा, बिल 10 लाखांचे आहे, मुदत 90 दिवसांची आणि व्याजदर 9 टक्के. व्याज उत्पादकानेच भरले तरी खर्च साधारण 22 हजार रुपये येतो. उरलेले पावणेदहा लाखांहून अधिक लगेच हातात पडतात आणि पुढच्या ऑर्डरचा कच्चा माल घेता येतो. दर कमी मिळू शकतो, कारण बँक छोट्या कारखान्याची नव्हे, तर मोठ्या कंपनीची पत पाहते.

नवीन मशीन घ्यायचे असेल तर?

त्यासाठी मुदत कर्ज लागते. तारण नसेल तर 2000 साली सुरू झालेला ‘सीजीटीएमएसई’ हा हमी निधी कामी येतो. कर्ज बुडाल्यास बँकेच्या नुकसानीचा मोठा भाग हा निधी भरून देतो. 1 एप्रिल 2025 पासून हमीची मर्यादा 5 कोटींवरून 10 कोटी रुपये झाली. मात्र हमी बँकेला मिळते, कर्जदाराला माफी नाही. हप्ते त्यालाच फेडावे लागतात.

मेख कुठे आहे?

‘ट्रेड्स’वर खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने 250 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची केली. आधी ही मर्यादा 500 कोटी होती. पण ती सक्ती नोंदणीची होती, प्रत्येक बिल तिथे मान्य करण्याची नव्हे. शिवाय 90 दिवसांची उधारी तशीच राहून व्याज छोट्या उत्पादकाने भरायचे ठरले, तर उशिराची किंमत पुन्हा त्याच्याच खिशातून जाते.

त्यामुळे उत्पादकाने उद्यम नोंदणी करून ऑर्डर घेतानाच दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : बिल ‘ट्रेड्स’वर मान्य होणार का, आणि व्याज कोण भरणार? माल गाडीत चढल्यावर हे विचारून फारसा उपयोग होत नाही.